कारागिराचा खरा अभिप्राय

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, करपद्धती आणि बाजार समितीचे नियम यांविषयी जाणकार सभासद लिहीत असतात. त्या विषयांत माझ्याहून अधिकारी माणसे संघात पुष्कळ आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सारा जन्म बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या पोत्यांमध्ये गेलेला मनुष्य. यंदा एका निराळ्याच गोष्टीविषयी, आणि तीही स्वतःच्या चुकीपासून आरंभ करून, चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा इंजिनिअर आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने स्वयंपाकघरातील ओट्याखाली बसविण्याजोगी एक धान्यपेटी तयार केली. तीत पत्र्याचे तीन कप्पे होते. त्यांत दहा किलो तांदूळ, दहा किलो गहू आणि पाच किलो तूरडाळ मावे. सगळा सांगाडा चॅनलवरून बाहेर ओढता येई आणि कप्प्याच्या तळाचा चाप दाबला की बरोबर एक वाटी धान्य खालच्या भांड्यात पडे. झाकण उघडे राहणे नाही, ओला हात धान्यात जाणे नाही. कल्पना खरोखरच चांगली होती, आणि आजही माझे तेच मत आहे.

पहिला नमुना घेऊन तो आमच्या दुकानी आला व म्हणाला, “काका, कशी वाटते?” मी चाप दाबला, एक वाटी तांदूळ पडला आणि मी म्हणालो, “उत्तम!”

आता खरे सांगतो. त्याच क्षणी माझ्या मनात तूरडाळ आली होती. आपल्याकडे पुष्कळ घरांतून वर्षाची डाळ एरंडेलाचा हात लावून ठेवतात. तेल लावलेली डाळ कोरड्या डाळीसारखी वाहत नाही. निमुळत्या तोंडाशी ती एकमेकीला धरून कमान करते आणि वरचे धान्य त्या कमानीवर अडून राहते. हे मला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. पावसाळ्यात रवा आणि बेसन यांची गत याहून वाईट. पण मुलगा आशेने आलेला, त्याचे वडील शेजारी उभे, चहा समोर आलेला. अशा वेळी तोंडातून दुसरा शब्द निघेना. मी गिळून टाकलेल्या त्या एका वाक्याची किंमत पुढे माझ्या बंधूंना भरावी लागली.

त्यानंतर त्याने चार सुतारांना आणि दोन ट्रॉली बसविणाऱ्या कारागिरांना दुकानी बोलावून पेटी दाखविली. सहाही जणांनी मान डोलावली. सहांचा होकार मिळाल्यावर त्याने दोनशे पेट्या करून घेतल्या. त्यांपैकी साठ विकल्या गेल्या आणि निम्म्याहून अधिक तक्रारींसह परत आल्या.

तक्रारी डाळीपुरत्या असत्या तर निभावले असते. आपल्या भागातील जुन्या ओट्यांखाली कडप्प्याच्या उभ्या फरशा असतात, हे बहुतेक गृहिणी जाणतात. दोन फरशांमधील अंतर वर अठरा इंच भरले तर खाली साडेसतरा भरते. गवंड्याने ती ओळंब्याने लावलेली नसते. टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंस सुमारे अर्धा इंच, म्हणजे सुताराच्या भाषेत चार सूत, जागा लागते, आणि तीही पुढून मागेपर्यंत सारखी. दोन सुतांचा फरक पडला तरी पेटी अडखळते. कडप्प्याला भोक पाडू जावे तर तो तडकतो. बरे, चॅनलच्या एका जोडीवर पस्तीस-चाळीस किलो वजन पेलते असे छापलेले असते, म्हणून पुतण्या निश्चिंत होता. परंतु पंचवीस किलो धान्य, शिवाय पत्र्याचे वजन, आणि हे सगळे पूर्ण बाहेर ओढलेल्या स्थितीत, वर लहान मूल लोंबकळलेले! नव्या प्लायच्या कपाटात बसविलेल्या एका ठिकाणी तर अख्खे कपाटच पुढे झुकले, कारण ते मागे भिंतीला आवळलेले नव्हते. सुदैवाने कोणास इजा झाली नाही.

त्या सहांतील एक वृद्ध मिस्त्री माझ्या चांगल्या ओळखीचे. आमच्या घराचे दरवाजे त्यांच्याच हातचे आहेत. मी त्यांना गाठून विचारले, “मिस्त्री, हे सारे तुम्हाला तेव्हाच दिसले असेल. मग बोलला का नाहीत?” ते म्हणाले, “मालक, तुम्ही विचारलासा कुठं? तुम्ही दाखवलासा.”

बंधु-भगिनींनो, त्या दोन वाक्यांवर मी पुष्कळ दिवस विचार केला. आपण व्यापारी लोक मालाची पारख करण्यात कधी भिडेला बळी पडत नाही. पोत्यात परखी खुपसून मधले आणि तळचे दाणे काढतो, दाताखाली धरून ओल पाहतो. सख्ख्या मेहुण्याचा माल असला तरी पाहतो, आणि मेहुण्यालाही त्यात अपमान वाटत नाही. पण घरातील मुलाने काही नवे घडविले की ही सगळी शिस्त आपण दाराबाहेर ठेवतो. वस्तू आपल्या पेढीवर मांडतो, चहा पाजतो, ‘हा माझा पुतण्या’ म्हणून ओळख करून देतो आणि मग कारागिराला मत विचारतो. ज्या मनुष्याला पुढल्या दिवाळीस आपल्याच घरचे काम मिळावयाचे आहे, तो ‘छान आहे’ याखेरीज काय म्हणणार? त्याला खोटे बोलणारा म्हणू नये. त्याने फक्त आपल्या घरची रीत पाळली.

पुढे पुतण्याने पद्धत बदलली. ती बदलताना जे अनुभवास आले ते सांगतो, कारण आज आपल्या अनेक घरांतून मुले-मुली असे काही ना काही घडवीत आहेत.

पहिले म्हणजे त्याने कारागिराला बोलावणे सोडले आणि त्याच्या कामाच्या जागी जाऊ लागला. पूर्ण दिवसाची मजुरी आधी हातात ठेवावयाची, मग पेटी खोक्यासकट द्यावयाची आणि जेथे काम चालू असेल तेथे बसवावयास सांगावयाचे. मजुरी दिली की ते काम होते; फुकट विचारले की ती भीड होते. हा फरक मला स्वतःला उशिरा कळला.

दुसरे, आपण तोंड उघडावयाचे नाही. हे फार कठीण आहे. एका ठिकाणी मीही गेलो होतो. सुताराने आमचा सूचनांचा कागद न वाचताच बाजूला ठेवला, आमचे स्क्रू नाकारून आपल्या डब्यातले काढले, चॅनलच्या मागे सनमायकाचे दोन तुकडे पाचर म्हणून घातले. ‘अहो, तसे नव्हे’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पुतण्याने माझा दंड धरला. त्या संध्याकाळी सुताराला मत विचारले तेव्हा तो म्हणाला, “चांगली हाय की.” त्याच्या जिभेने चांगली म्हटले, पण पाचरीने खरे सांगितले होते. आता नव्या पेटीच्या चॅनलला पुढे-मागे सरकविता येणारी पट्टी आहे, ती त्या सनमायकाच्या तुकड्यांतून आलेली आहे.

तिसरे, एकच नमुना पुढे करू नये. एकच वानगी दाखविली तर गिऱ्हाईक ‘बरी आहे’ म्हणते. शेजारी दुसरी ठेवली की लगेच बोट उचलते. म्हणून पुतण्या दोन तऱ्हेच्या पेट्या नेतो आणि स्वतःची आवडती कोणती हे कळू देत नाही. कारागीर एकीला बिनधास्त नावे ठेवतो, कारण दुसरीची स्तुती करून भीड राखण्याची सोय त्याला मिळालेली असते.

तथापि कारागीर बोलला म्हणजे ते वेदवाक्य, असेही नाही. चौरस फुटाच्या दराने काम घेणाऱ्याला ज्या वस्तूने दोन तास अधिक मोडतात ती वाईटच वाटणार. हार्डवेअरचा दुकानदार ज्यात सुटते जास्त तिचे गुण गाईल. प्रत्येकाचे बोलणे त्याच्या पोटाच्या बाजूने थोडे झुकलेले असते; तेवढी तूट धरून वजन करावे, हे आपल्याला शिकवावयास नको. पुतण्याचा एक प्रश्न मात्र मला नामी वाटतो. ‘पेटी कशी आहे’ असे तो विचारीतच नाही. तो विचारतो, “ही बसवून दिल्यावर गिऱ्हाइकाचा पहिला फोन कशासाठी येईल?” कारागिराला फुकटच्या हेलपाट्याची भीती फार असते, कारण बिघडलेल्या वस्तूबद्दल गिऱ्हाईक कारखानदाराला धरीत नाही, बसविणाऱ्याला धरते. या प्रश्नावर अबोल मनुष्यही बोलू लागतो.

कित्येकांना शंका येईल की, चार लोकांच्या हाती वस्तू दिली तर कल्पना चोरीस जाईल. ती शंका रास्त आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार वस्तू नवी असावी लागते आणि अर्जापूर्वी ती उघड झाली तर हक्क धोक्यात येऊ शकतो. पण त्याच कायद्यात तात्पुरत्या विवरणावर अर्ज करून ठेवण्याची सोय आहे. पूर्ण विवरण त्यानंतर बारा महिन्यांत द्यावे लागते. आधी जाणकाराकडून तो अर्ज करावा, आणि ते बारा महिने वस्तू सुतार-गवंड्यांच्या हाती फिरवावी. झाकून ठेवण्याच्या भीतीने पुतण्याने पहिले वर्ष गमावले.

चूक केवळ आमच्या घरचीच नाही, एवढे समाधान आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी १९२६ साली मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की या स्थापत्यकार बाईंनी एक आटोपशीर स्वयंपाकघर रचले आणि नगरपालिकेच्या वसाहतींतून तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसली. पाऊल किती चालावे लागते हेसुद्धा त्यांनी मोजले होते. पिठात किडे होऊ नयेत म्हणून पिठाचे खण ओक लाकडाचे केले होते. धान्याच्या व्यापाऱ्याने हात जोडावेत अशी ही दृष्टी! तरी राहावयास आलेल्यांची तक्रार झाली की, जागा इतकी अरुंद की दोन माणसे तीत वावरू शकत नाहीत. पुढे वृद्धपणी बाईंनीच मोकळेपणाने सांगितले की, ते रचण्यापूर्वी आपण स्वतः कधी संसार चालविला नव्हता की स्वयंपाक केला नव्हता.

आमच्या पेटीची शेवटची परीक्षा माझ्या वहिनींनी घेतली. त्यांनी एकच विचारले, “हिचा तळ निघतो का?” निघत नव्हता. कोपऱ्यात धान्य राहिले की पोरकिडे होणार, आणि चातुर्मासात आपल्या घरात ते कोण चालवून घेईल? सहा कारागिरांपैकी एकालाही हे सुचले नव्हते, आणि मलाही नाही. आता तळ दोन खटक्यांनी निघतो.

संघाच्या कार्यकारिणीस माझी सूचना आहे. वार्षिक मेळाव्यात आपण मुलांच्या वस्तूंचे प्रदर्शन मांडतो, हार घालतो, छायाचित्रे काढतो. त्यातील एक दिवस राखून ठेवावा. पाच-सहा कारागिरांना संघाच्या खर्चाने पूर्ण मजुरी द्यावी, वस्तू त्यांच्या हाती द्याव्यात, आणि मुलांच्या वडीलधाऱ्यांना त्या दालनात प्रवेश देऊ नये. पहिल्या वर्षाच्या मजुरीची रक्कम मी देण्यास तयार आहे.

पुतण्याचा तिसरा नमुना गेल्या महिन्यापासून आमच्या ओट्याखाली आहे. त्यात मी मुद्दाम एरंडेल लावलेली डाळ भरली. अकराव्या दिवशी डाळ अडकली. त्याच रात्री मी त्याला फोन करून तसे स्पष्ट सांगितले. तो काही वेळ बोलला नाही. मग विचारू लागला, “काका, किती वाट्या पडल्यावर अडकली?”