परवाना आणि पोट

अपघात घडला की बसचालकाचा परवाना तडकाफडकी निलंबित करावा, म्हणजे लोकक्षोभ शमतो, अशी समजूत रूढ झाली आहे. चालकाने न्यायालयात दाद मागितली, तर ‘प्रवाशांच्या जिवाशी खेळणाऱ्याला कसली दाद?’ असा सवाल होतो. तो गैर आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १९ ने परवाना प्राधिकाऱ्यास हा अधिकार दिला. पण चालकाचे म्हणणे ऐकून घेण्याचे व कारणे लेखी नोंदविण्याचे बंधनही घातले. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपिलाची तरतूदही आहे. निलंबनाने खासगी मोटारवाल्याची गैरसोय होते; बसचालकाची चूल विझते. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच अंतर्भूत मानला, याचे विस्मरण होऊ नये. बेदरकार चालकाची गय नकोच. परंतु चौकशीविना चालकाला घरी बसविले आणि नादुरुस्त ब्रेकची गाडी मात्र रस्त्यावर राहिली, तर प्रवासी सुरक्षित कसा? चालकाची बाजू ऐकणे हे त्याच्यावरील उपकार नव्हेत. त्यातच प्रवाशांचेही हित आहे.