नामदार गोखले यांचा पराभव

सभागृहात ज्याच्या बाजूस हात अधिक, तो जिंकला असे आपण समजतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र वाचताना ही समजूत आमच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर बाजूस ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

१८६६ साली कोतळूक येथे जन्मलेल्या गोखल्यांचे शिक्षण प्रथम कागलास व पुढे आमच्याच कोल्हापुरात झाले. वडील निवर्तल्यावर थोरल्या बंधूंनी आपल्या पंधरा रुपये पगारातून दरमहा आठ रुपये त्यांच्या शिक्षणास दिले. पुढे फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापक, १९०२ पासून वरिष्ठ कायदेकौन्सिलाचे सभासद व १९०५ साली काँग्रेसचे अध्यक्ष, अशी त्यांची कीर्ती वाढत गेली. तथापि आठ रुपयांचे मोल ते विसरले नाहीत, असे त्यांच्या पुढील कार्यावरून दिसते.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कौन्सिलापुढे मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळेत धाडणे सक्तीचे करण्याचा अधिकार, सरकारच्या संमतीने, नगरपालिका व लोकल बोर्डे यांस मिळावा, एवढीच मागणी. इंग्लंडने १८७० साली शिक्षणाचा कायदा केला व १८८० साली हजेरी सक्तीची केली. मग हिंदुस्थानाने का थांबावे? परंतु १९१२ च्या मार्चमध्ये तेरा विरुद्ध अडतीस मतांनी विधेयक फेटाळले गेले. १९१५ साली गोखले निवर्तले.

त्यांस मवाळ म्हणून हिणविणारे पुष्कळ. विधेयक प्रथम मुलग्यांपुरतेच होते, हे न्यूनही आम्ही झाकीत नाही. परंतु जे पाऊल टाकता येईल तेच मागावे व त्यासाठी उघड पराभव पत्करावा, यास भित्रेपणा कसा म्हणावा? अवघ्या पाच वर्षांनी, १९१७ साली, श्रीशाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. १९१८ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींस तो हक्क देशभर मिळण्यास मात्र २००९ चा कायदा व्हावा लागला.

आता पालकांस एक शब्द. कायदा शाळेचे दार उघडतो. मुलास दारापर्यंत आणणे घरच्यांच्या हाती असते. मंगळवार पेठेतील एखादे मूल दुकानात हात हवा म्हणून, किंवा एखादी मुलगी धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी घरी राहिली, तर गोखल्यांचे विधेयक त्या घरापुरते पुन्हा एकदा फेटाळले जाते, असे आम्हांस वाटते.