मोडीत निघालेल्या रायफलीची कैफियत

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्यात लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी रायफल हौसेखातर विकत घेतली, आणि तिच्या दस्त्याच्या मानेवरील पोलादी कड्याचे छायाचित्र मला पनवेलजवळच्या विचुंब्याला धाडून खाली एवढेच लिहिले, ‘मामा, ही आपल्याकडचीच निघाली की!’ कड्यावर ‘आर. एफ. आय.’ अशी अक्षरे उमटलेली होती. आर. एफ. आय. म्हणजे हुगळीकाठची इशापूरची रायफल फॅक्टरी. आणि भाच्याच्या हाती आलेली वस्तू म्हणजे १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर जुन्या ली-एनफिल्डच्याच घाटावर, परंतु ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी तेथे घडविलेली, दर गोळीमागे हाताने बोल्ट ओढावा लागणारी ‘२ए१’ रायफल. आपल्या सैन्याला ती नकोशी झाल्यावर परदेशी व्यापाऱ्यांनी ती घाऊक खरेदी केली आणि समुद्रापलीकडच्या दुकानांत मांडली.

जीर्णोद्धाराचा त्याचा वृत्तांत मी मोठ्या कौतुकाने वाचला. वर्षानुवर्षे कोठारात पडून थिजलेले ग्रीस काढण्यातच त्याचे दोन रविवार गेले. मग तडकलेले लाकूड सांधणे आले, आणि शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात, तोही एक वाळल्यावर दुसरा, असा सबुरीने. मात्र काचकागद घासून दस्ता नवा कोरा करण्याचा त्याचा बेत मी पत्र लिहून मोडून काढला. त्या लाकडावर तपासनिसाची मुद्रा असते, शस्त्रागाराचे क्रमांक असतात, कोणा अनामिक शिपायाच्या गालाने व तळव्याने आलेली झिलई असते. हे सारे घासून टाकणे म्हणजे जुन्या दप्तरावरची शाई पुसून कागद तेवढा स्वच्छ राखणे होय. अशा खुणा काडतुसांवरही असतात. आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या, १८६९ साली स्थापन झालेल्या कारखान्यातील जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ अशी खूण आढळते; त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतील क्षार नळीत राहून दमट हवेत गंज धरीत, म्हणून जुने शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतीत. कोकणच्या पावसात ही विद्या किती मोलाची, हे वेगळे सांगावयास नको.

हाच उद्योग मी विचुंब्यात आरंभिला तर? .३०३ व ७.६२ ही लष्करी मापे आपल्या कायद्याने निषिद्ध ठरविली आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर असे शस्त्र बिनपरवाना बाळगणाऱ्यास किमान ७ वर्षांचा तुरुंगवास आहे. फार काय, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हाही परवान्याविना करण्याचा धंदा नव्हे. सामान्य परवानेदारासाठी इशापूरनेच याच घाटाची .३१५ मापाची रायफल काढली. आणि कोकणातील शेतकऱ्याकडे पीकसंरक्षणासाठी म्हणून जी ठासणीची बंदूक असते, तीही निवडणूक आली की ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. परवानेदार कुरकुरतात, मी कुरकुरत नाही. कारण १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींचा प्राण घेणारी कारकानो ही अशीच मोडीत निघालेली इटालियन लष्करी रायफल होती, आणि मारेकऱ्याने ती टपालाने, दुर्बिणीसकट अवघ्या १९ डॉलर ९५ सेंटांत मागविली होती. भाच्याची हौस निष्पाप आहे. परंतु दुकानदाराला दोन गिऱ्हाइकांच्या मनांतला भेद दिसत नाही, आणि कायद्याला हे धरूनच चालावे लागते.

तरीही या कायद्याच्या पूर्वजाविषयी पनवेलकराने ममत्व का बाळगावे? १८७८ साली व्हाइसरॉय लिटनसाहेबाच्या अमदानीत एतद्देशीयांना निःशस्त्र करणारा शस्त्रकायदा आला, आणि पुढच्याच वर्षी, लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केलेले, आमच्या तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके रामोशांना हाताशी धरून सरकारविरुद्ध उभे ठाकले. २५ सप्टेंबर १९३० रोजी आमच्याच भागातील चिरनेरच्या रानात सत्याग्रह करणाऱ्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांच्या बंदुका चालल्या. ८ सत्याग्रही धारातीर्थी पडले, आणि त्याच धुमश्चक्रीत पनवेलचे मामलेदारही मृत्यू पावले. बंदूक कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न आमच्या मातीने रक्ताच्या शाईने लिहिलेला आहे. आज त्याच चिरनेरात स्मृतिदिनी पोलीस हवेत फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देतात, आणि तो आवाज ऐकताना प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

ज्या मूळ ली-एनफिल्ड रायफलीने दोन महायुद्धे पाहिली आणि नंतर साठ-सत्तर वर्षे आमच्या हवालदाराच्या खांद्यावर ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने नांदली, तिची सेवा आता संपत आली आहे. २००८ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या स्वयंचलित बंदुकांपुढे तिची असमर्थता साऱ्या जगाने पाहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला समारंभपूर्वक निरोप दिला. निवृत्त शस्त्रांची सरकारी वाट बहुधा भट्टीकडेच जाते, आणि चोरबाजारात जाण्यापेक्षा ती वाट बरीच, हे मला मान्य आहे. पण १९५९ च्याच शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ ने जुन्या घाटाच्या वा पुरातन मोलाच्या, दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालू शकणार नाहीत अशा शस्त्रांना सूट दिलेली आहे. नळी कायमची बुजवावी, बोल्ट निकामी करावा, आणि लाकडावरच्या खुणा मात्र जशाच्या तशा राखाव्यात. एवढी तजवीज केली म्हणजे कायद्याचाही भंग होत नाही आणि स्मृतीचाही.

अशी निकामी रायफल शिरढोणला ठेवा असे मी म्हणणार नाही. फडक्यांच्या बंडाच्या वेळी ही रायफल जन्मालाही आली नव्हती, आणि स्मारकात खोटी वस्तू ठेवण्यापेक्षा रिकामे कपाट बरे. चिरनेरचा निर्णय चिरनेरकरांनी घ्यावा. पण पनवेल शहरात, शाळेच्या मुलांना सहज जाता येईल अशा एखाद्या सार्वजनिक वास्तूत, काचेच्या पेटीत, क्रमांकासह व सेवेच्या नोंदीसह एक निकामी रायफल असावयास काहीच प्रत्यवाय नाही. राज्याच्या गृहखात्याला माझी विनंती एवढीच की, पुढची खेप भट्टीकडे रवाना होण्यापूर्वी तीतून एक नग पनवेलसाठी बाजूला काढावा.