आडनांवाचा उच्चार

मेरी क्युरीचें माहेरचें आडनांव वर्गांत वाचावयास दिलें, तर मुलें बेधडक ‘स्क्लोडोव्स्का’ म्हणतात. दोष मुलांचा नव्हे. आमच्या मराठी पुस्तकांतच बहुधा तसें छापलेलें असतें. पोलंडांत तें ‘स्क्वोदोफ्स्का’ असें उच्चारतात, आणि तिच्या वडिलांचें ‘स्क्वोदोफ्स्की’; कारण विशेषणासारख्या आडनांवांस तेथें लिंगभेद आहे. अक्षरें रोमन असलीं तरी त्यांचे नियम इंग्रजीचे नव्हेत. तिरपी रेघ मारलेला एल् हा ‘व’च्या जवळचा, आणि ‘द’ तर आपल्यासारखाच दंत्य. देवनागरींत ‘द’ असतां आम्ही इंग्रजीच्या वाटेनें जाऊन ‘ड’ लिहितों, याचें नवल वाटतें.

‘स्की’ हा प्रत्यय पुष्कळदां आपल्या ‘कर’प्रमाणें गांवाशीं नातें सांगतो, कधीं धंद्याशींही. ‘कोवाल’ म्हणजे लोहार; त्यावरून कोवाल्स्की.

अमेरिकेंत गेलेल्या कुटुंबांचीं नांवें एलिस बेटावरील कारकुनांनीं बदललीं, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. १८९२ पासून १९५४ पर्यंत चाललेल्या त्या ठाण्यांत जहाजाच्या यादींतलीं नांवेंच पडताळून पाहत. कात्री लागली ती पुढें. मुकादम, शेजारी व शिक्षक यांच्या अडखळण्यास कंटाळून लोकांनीं ती बहुधा आपल्याच हातानें लावली. १९०३ सालीं गेलेला स्तेफान मार्चिशेफ्स्की नांवाचा शिंपी तेथें ‘मस्की’ झाला. त्याचा पुत्र एडमंड १९८० सालीं अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला, तो मस्की म्हणूनच. या कंटाळा आणणाऱ्यांत शिक्षकही असावेत, हें मला बोचतें. हजेरी घेतांना अवघड आडनांव गाळून मींही कित्येकदां वेळ मारून नेली आहे.

तथापि मूळ देशांतला उच्चार तेवढा खरा, असाही हट्ट नको. बास्केटबॉलचे नामांकित अमेरिकन प्रशिक्षक माइक यांचें आडनांव पोलंडांत ‘क्षिझेफ्स्की’ असें उच्चारतील. त्याच्या मुळाशीं ‘क्षिश’ म्हणजे क्रूस हा शब्द आहे. ते स्वतः मात्र ‘शिशेफ्स्की’ म्हणतात. त्यांस ‘तुमचें चुकतें’ असें सांगणारा पंडित मला उद्धट वाटेल. नांवाचें मूळ शोधावयास पोलंडांत जावें लागेल. उच्चार त्या कुटुंबासच विचारला पाहिजे.

आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवड्यास १९४३ ते १९४८ या काळांत सुमारें ५००० पोलिश निर्वासित राहत होते. २०१९ सालीं त्यांपैकीं कांहीं जण तें ठिकाण पुन्हां पाहून गेले. असे पाहुणे आले, तर स्वागताच्या फलकावर त्यांचें आडनांव रंगविण्यापूर्वीं कोणीतरी त्यांच्याच तोंडून तें एकदां ऐकून घ्यावें.