शस्त्रागारातील हवा

आश्विनातील खंडेनवमीला महाराष्ट्रात शस्त्रे बाहेर काढून, घासूनपुसून त्यांची पूजा केली जाते. या प्रथेतील आदरभाव उचितच आहे. परंतु लोखंडाच्या दृष्टीने पाहिले, तर पावसाळ्यानंतरची ही साफसफाई फार उशिरा होते. गंजाने आपले काम आषाढ-श्रावणातच उरकलेले असते. तेलाचा जाड लेप दिला की शस्त्र सुरक्षित झाले, ही समजूतही अशीच अपुरी आहे. शस्त्रांचे दीर्घकालीन रक्षण मुख्यतः तेलाने होत नसते. ती ज्या हवेत ठेविली जातात त्या हवेच्या कोरडेपणाने होते.

लोखंड गंजण्यास प्राणवायू आणि पाणी ही दोन्ही लागतात. हे पाणी डोळ्यांस दिसलेच पाहिजे असे मात्र नाही. दमट हवेत धातूच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा जमतो आणि तेवढा गंजास पुरतो. हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकेल, तिच्या मानाने प्रत्यक्षात असलेल्या वाफेचे प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. ब्रिटिश रसायनज्ञ व्हर्नन यांनी १९२० व १९३० च्या दशकांत केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, हवेत गंधकाच्या धुराचा थोडा अंश असेल, तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांपलीकडे जाताच गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो. दवाचा धोका याहून निराळा आहे. तापमान ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असताना, बंदुकीची नळी हवेपेक्षा केवळ चार अंशांनी थंड असली तरी तिच्यावर दव धरते. पावसाळ्यात कोठाराचे दार वारंवार उघडणे म्हणजे आतील थंड पोलादाला हे दव आणून देणेच होय.

मग तेलाने काय साधते? पुष्कळ साधते, पण पृष्ठभाग आधी स्वच्छ असेल तरच. पूर्वीच्या काडतुसांच्या बुडातील टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड हे क्षार बनून नळीत चिकटून राही. हा क्षार हवेतील ओलावा ओढून घेतो आणि तो तेलात विरघळत नाही. अमेरिकेच्या खाण विभागातील हफ यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेलाच्या थराखाली चालणाऱ्या या गंजाचे कारण उलगडले. ज्या पाण्याचे भय वाटते, त्याच पाण्याने नळी प्रथम धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच तिला तेल द्यावे, हा त्यावरील उपाय होता. मळावर दिलेला लेप गंजाला आवरीत नाही. तो केवळ दृष्टीआड करतो.

दारूगोळ्याच्या बाबतीत तर हवेचे महत्त्व याहूनही स्पष्ट होते, आणि त्याचा धडा भारतातच मिळालेला आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागांत ठेविली जात. हवा कोरडी झाल्यावर पाहावे, तो पितळेच्या अनेक पुंगळ्यांना चिरा गेलेल्या असत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया पागेच्या दमट हवेत मिसळत असे, आणि पुंगळी ओढून घडविताना पितळेत जो ताण राहून जातो त्याच्याशी संगनमत करून धातू चिरीत असे. छप्पर होते, पाऊस आत येत नव्हता. तरीही माल वाया गेला. अशा पुंगळ्यांना तेल लावूनही भागले नसते. उलट ते टोपीपर्यंत झिरपले, तर काडतूस ऐनवेळी न पेटण्याची भीती असते.

यावर असा आक्षेप येईल की, जाड वंगणात गुंडाळलेल्या रायफली दशकानुदशके टिकल्याची उदाहरणे आहेत. ती खरी आहेत. पण त्या रायफली वंगणापूर्वी स्वच्छ व कोरड्या केलेल्या होत्या. दुसरा आक्षेप खर्चाचा. कोकणापासून बंगालपर्यंतच्या किनाऱ्यावर प्रत्येक कोठार यंत्राने कोरडे राखणे परवडणार नाही, हेही मान्य. परंतु हवाबंद पेटी आणि तीत सिलिका जेलची पुडी ही साधने महाग नाहीत. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या सुमारे तृतीयांश पाणी शोषते आणि दारूगोळ्यापासून दूर नेऊन सुमारे १२० अंशांवर तापविल्यास पुन्हा उपयोगी पडते. कातडी म्यानात वा खोळीत मात्र शस्त्र कायमचे ठेवू नये. कातडे ओलावा धरून ठेवते, आणि कमावताना त्यात राहिलेली द्रव्ये धातूस बाधतात.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित साधन म्हणजे भिंतीवरील आर्द्रतामापक. त्याचा काटा ५० टक्क्यांच्या आसपास राहील, तर पोलाद सुखरूप राहते आणि लाकडी दस्त्यालाही फार कोरडेपणामुळे चिरा पडत नाहीत. कोठारातील तेलाचे डबे मोजले जातात. तेथील हवाही रोज मोजून वहीत नोंदविली पाहिजे. रात्रीच्या पहाऱ्यावरील शिपाई चाप ओढतो, तेव्हा त्याच्या हातातील शस्त्रावर किती तेल चोपडले होते याला महत्त्व उरत नाही. ते शस्त्र मागील चार पावसाळे कोणत्या हवेत राहिले, यावरच त्याचा जीव अवलंबून असतो.