बीजप्रक्रिया पेरणीनंतर

आमच्या औसा तालुक्यात सोयाबीन पेरायचं ते मृगाचा किंवा आर्द्राचा पाऊस जमिनीत चांगला मुरला की. जूनअखेर, फार तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी उरकून माणूस मोकळा झालेला असतो. कृषी महाविद्यालयाच्या मुली गावात येतात त्यानंतर, कारण त्यांचं सत्र तेव्हा सुरू होतं. आणि त्यांच्या यादीत पहिलं प्रात्यक्षिक असतं बीजप्रक्रियेचं! मग कुणाच्या तरी घरातून किलोभर सोयाबीन मागून आणायचं, घमेल्यात ओतायचं, रायझोबियमचं पाकीट फोडायचं. मागे फ्लेक्स, पुढे आम्ही पाच-सहा बायका आणि पारावरचे दोन म्हातारे. फोटो. शेजारच्या आजींनी एकदा सरळ विचारलं, "पोरी, पेरून महिना झाला की. आता हे कुठं टाकू?" मुलगी बिचारी हसली. म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी."

मी या मुलींना दर पावसाळ्यात माडीवरच्या खोल्या देते, म्हणून हे बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे. मध्यंतरी पाच वर्षं ग्रामपंचायतीत सदस्यही होते. शहरातल्या वाचकांना माहीत नसेल तर सांगते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांतली पदवीची मुलंमुली सातव्या सत्रात गावोगाव जातात. मुलांना कृषिदूत म्हणायचं, मुलींना कृषिकन्या. हे सगळं सत्र वीस श्रेयांकांचं असतं आणि त्यातले आठ आठवडे गावासाठी ठेवलेले असतात. गावाचा रांगोळीचा नकाशा काढणं, माती परीक्षण, बोर्डो मिश्रण, निंबोळी अर्क, कामगंध सापळे, जनावरांचं लसीकरण असं बरंच काही त्यात येतं. रोजची दैनंदिनी लिहायची, शेवटी बांधणी केलेला अहवाल द्यायचा, ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि जायचं.

कल्पना उत्तम आहे, यात मला शंका नाही. पुस्तकातला मोरचूद आणि बादलीतला मोरचूद यांत फरक असतो, तो इथे कळतो. बोर्डो मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी हे पाठ असलेल्या मुलीला चुना जुना निघाला तर काय करायचं ते पाठ नसतं. लोखंडी खिळा बुडवला, त्याच्यावर तांबूस थर चढला, की चुना कमी पडला हे तिला कळतं. पण आणखी किती घालायचा हे आमच्या अंगणातच ठरतं. हे शिक्षणच आहे, आणि चांगलं शिक्षण आहे. माझी तक्रार दुसरी आहे. हे सगळं मुलींच्या सत्राच्या वेळापत्रकावर चालतं. पिकाचं वेळापत्रक कुणी विचारात घेत नाही, आणि गावाचं तर नाहीच.

मातीचंच घ्या. नमुना घ्यायचा तो पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, रान मोकळं असताना. शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्हीसारखे खड्डे घ्यायचे, सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत शेवटी अर्धा किलो ठेवायची. मुलींना हे तोंडपाठ असतं. पण ऑगस्टमध्ये उभ्या सोयाबीनच्या ओळीत, खत पडलेल्या जमिनीत हे करून काय मिळणार? अहवालाचं एक पान मिळतं.

प्राध्यापक म्हणतात, मे महिन्यात परीक्षा असतात, मुली कशा पाठवणार? बरोबर आहे. पण मे महिन्यात गावातली मुलं गावातच असतात ना! घरच्या सोयाबीनची उगवण तपासायला काय लागतं? शंभर बिया, एक ओलं गोणपाट आणि आठवडाभर धीर. सत्तर किंवा जास्त उगवल्या तर नेहमीच्या मापाने पेरायचं, कमी उगवल्या तर बियाणं वाढवायचं. गावातल्या दहा पोरांना मुलींनी फोनवरून हे दाखवलं, तर जुलैत गावात पाय ठेवतानाच त्यांच्या हातात घरोघरच्या उगवणीची यादी असेल. कुणाचं विरळ उगवलं, का उगवलं, तिथून काम सुरू होईल.

गावाला खरोखर उपयोग झालेली दोन कामं मी पाहिली आणि दोन्ही यादीबाहेरची होती. पहिलं ई-पीक पाहणीचं. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर पिकाची नोंद करायची असं ठरलं. बांधावर उभं राहून फोटो घ्यायचा, गट क्रमांक निवडायचा. ज्याचा मुलगा पुण्यात आणि हातात साधा बटणांचा फोन, त्याने काय करायचं? नोंद नसली की सातबारावर पीक दिसत नाही, आणि मदतीपासून हमीभाव केंद्रापर्यंत पुढचं सगळं अडतं. मुलींनी आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या नोंदी चिखल तुडवत शेतात जाऊन करून दिल्या. त्यासाठी त्यांना एक गुणही नव्हता.

दुसरं गोगलगायींचं. २०२२च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन अक्षरशः चरून टाकलं. संध्याकाळी हिरवी दिसणारी ओळ सकाळी काळी माती. कित्येकांनी दुबार पेरणी केली. ही कीड एकट्याच्या शेतात मरत नाही. तुम्ही वेचल्या आणि शेजाऱ्याने वेचल्या नाहीत, तर त्याच्या बांधावरून रात्रीत पुन्हा तुमच्याकडे हजर. म्हणजे अख्ख्या शिवाराने एकाच वेळी कामाला लागायचं. मुलींना उपाय माहीत होता. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी ठिकठिकाणी टाकायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. रस्त्यावर फेकायच्या नाहीत. त्यांना शिवार मात्र माहीत नव्हतं. कुठल्या ओढ्याकाठी ओल धरते, कुणाचं पडीक रान गोगलगायींचं माहेर झालंय, कोणत्या दोन भावांचं बोलणं बंद आहे आणि म्हणून त्यांच्या सामाईक बांधावर कुणीच जाणार नाही, हे सगळं पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या पोरांना ठाऊक होतं. ती पोरं पहाटे धावायला जातातच. मैदानाऐवजी बांधावरून गेली. पोती त्यांनी उचलली, भावांची समजूत त्यांनीच घातली, आणि पाण्यात मीठ किती टाकायचं ते मुलींनी सांगितलं. कुणीही कुणाला मार्गदर्शन केलं नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पेपरात 'कृषिकन्यांचे मार्गदर्शन' अशी बातमीही आली नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे हे प्रकरण मोठं होणार आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९पासून आहे. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर हे आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी केलं. पण ती ज्याची त्याची इच्छा होती. आता बी.ए., बी.कॉम.च्या मुलांनाही क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांचे श्रेयांक मिळवायचे आहेत, आणि एका श्रेयांकाला तीस तास धरले तर दोन श्रेयांकांचे साठ तास होतात. एवढी मुलं, एवढे तास. जायचं कुठे? गावात. आमच्या दारात प्रश्नावली घेऊन उभ्या राहणाऱ्यांची संख्या वाढली आहे. शौचालय आहे का, गॅस आहे का, घरात शिकलेले किती. तेच प्रश्न, दर वेळी नवीन कागद. मागच्या कागदांचं काय झालं, हे विचारायची सोय नाही.

यातली गंमत अशी की माझ्या पुतण्यालाही हे साठ तास भरायचे होते. तो तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला. त्याच्या कॉलेजने दत्तक घेतलेलं गाव वीस किलोमीटरवर, म्हणून तो मोटारसायकलला पेट्रोल घालून तिथल्या लोकांना गॅस आहे का विचारायला गेला. त्याच आठवड्यात आमच्या माडीवर राहणाऱ्या मुली गावात एखादा माहीतगार मुलगा शोधत होत्या. दोन विद्यापीठं, दोन वह्या, मध्ये एक गाव, आणि त्या गावचा मुलगा परगावी! त्याने स्वतःच्या गावात या मुलींबरोबर केलेलं काम त्याच्या साठ तासांत धरायला काय अडचण आहे? जे मुक्त विद्यापीठातून शिकतात त्यांचंही धरा. जो कुठेच शिकत नाही, ट्रॅक्टर चालवतो, त्याला निदान कामाचा दाखला आणि दिवसाची मजुरी द्या. त्याला 'स्थानिक युवकांचे सहकार्य लाभले' या ओळीत बसवून आभार मानू नका. आभाराने डिझेल येत नाही.

हे जमतं हे आमच्या भागाने पाहिलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बाहेरून मदतीला कोण नाही आलं? विद्यार्थी आले, डॉक्टर आले, इंजिनिअर आले. ढिगारे उपसणाऱ्या त्या मुलांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण पडझड झालेली घरं दुरुस्त करून भक्कम करण्याचा सरकारी कार्यक्रम पुढे कित्येक महिने चालला, तेव्हा इंजिनिअरचं म्हणणं घरातल्या बाईला आणि बाईचं म्हणणं इंजिनिअरला कळावं म्हणून गावातल्याच बायकांना संवाद सहायक नेमलं. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने ते काम उभं केलं. आठ यत्ता शिकलेल्या बाया कोपऱ्यात सळई कशी घालायची, सिमेंटवर पाणी किती दिवस मारायचं हे घरोघर सांगत फिरल्या. बाहेरची माणसं गेली, या बाया गावातच राहिल्या. त्यांतल्या काही पुढे बचत गटांत, ग्रामपंचायतींत दिसल्या.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक गटाबरोबर गावातली तितकीच मुलंमुली कागदोपत्री जोडा. (मुलीही, पुरुषमंडळी लगेच चार पोरांची नावं देऊन मोकळी होतात.) आणि काम काय करायचं ते ग्रामसभेत ठरू द्या. १५ ऑगस्टची ग्रामसभा मुली गावात असतानाच येते. त्या दिवशी त्यांनी विचारावं, गावाने सांगावं. यंदा सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग असेल तर तेच काम, रांगोळीचा नकाशा नसला तरी चालेल. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत केलेलं काम उभं राहून सांगावं. लोक उलटसुलट विचारतील. ती तोंडी परीक्षा बाहेरून आलेल्या परीक्षकापेक्षा कडक असेल.

गुणही गावाने द्यावेत असं काही जण सुचवतात. ते मला पटत नाही. आठ आठवडे ज्या पोरी आपल्या चुलीपाशी बसून जेवल्या, त्यांना कमी गुण द्यायला आमच्यातल्या एकीचाही हात धजावणार नाही. आत्ताही ग्रामसेवक सगळ्यांना 'उत्कृष्ट' लिहून शिक्का मारतोच. त्यापेक्षा गावाला दोनच प्रश्न विचारा: यंदाचं कोणतं काम पुढच्या वर्षी चालू ठेवायचं, आणि ते गावातलं कोण सांभाळणार? उत्तरं त्या माणसाच्या नावासकट लिहून घ्या, आणि पुढच्या गटाला माडीची किल्ली द्यायच्या आधी तो कागद द्या.