चड्डीत शी होते, त्यात लेकराचा दोष नाही



आजचा विषय असा आहे की आपण तो बहिणीशीसुद्धा हळू आवाजात बोलतो. पाच-सहा वर्षांचं, शाळेत जाणारं लेकरू चड्डीत शी करतं. घरात त्याच्यासाठी शब्द तयारच असतात: आळशी, हट्टी, घाणेरडा. माझं मत स्पष्ट आहे. हे दुखणं आहे, खोड नाही. मारून किंवा चारचौघांत लाजवून ते बरं होत नाही, उलट वाढतं.

डॉक्टर याला एन्कोप्रेसिस म्हणतात. वयाची ४ वर्षं उलटल्यावरही असं होत राहिलं तर लक्ष द्यायला हवं. बहुतेक मुलांत मूळ कारण जुनी बद्धकोष्ठता असते. एकदा शी करताना दुखलं की मूल ती धरून ठेवतं. शाळेतलं संडास घाण असलं तरी धरून ठेवतं. आत मळ साठून खडा होतो, आतड्याचा शेवटचा भाग ताणून सैल पडतो आणि शी लागल्याची जाणीवच कमी होते. मग खड्याच्या कडेनं पातळ मळ आपोआप झिरपतो. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, म्हणून जुलाब थांबवायचं औषध देतात. त्यानं खडा आणखी घट्ट होतो. "मला कळलंच नाही" असं लेकरू म्हणतं, ते खरं असतं.

मी कॉमर्सची, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. आधी जुनी बाकी निघाली पाहिजे, मगच रोजचं खातं जुळतं. डॉक्टर पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्टुलोजसारखं औषध देऊन आधी साठलेला मळ काढतात, मग औषध कमी प्रमाणात काही महिने चालू ठेवतात. आठ दिवसांत फरक दिसला म्हणून ते आपल्या मनानं बंद करू नका. ताणलेल्या आतड्याला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. घरच्या घरी एरंडेल किंवा एनिमाही देऊ नका.

जेवल्यावर आतडी हलतात. म्हणून सकाळच्या नाश्त्यानंतर आणि संध्याकाळच्या जेवणानंतर ५ ते १० मिनिटं मुलाला संडासात बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. शी झाली नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी द्या.

खाण्यात बिस्किटं, खारी कमी करा. ज्वारीची भाकरी, दुधी, दोडका, पपई, काळ्या मनुका द्या. तिथीला हिरवी भाजी नसेल तर सालासकट मूग चालतो. आपली मुलं उकळलेलं पाणी पितात, शाळेतलं पीत नाहीत, म्हणून बाटली मोठी द्या आणि परत आल्यावर ती रिकामी झाली का बघा. उपचार चालू असलेल्या लेकराला चौविहाराचा आग्रह नको.

बद्धकोष्ठता जन्मापासून असेल, शीत रक्त, उलट्या, फुगलेलं पोट, न वाढणारं वजन किंवा पायांत अशक्तपणा दिसला तर एक दिवसही थांबू नका. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवायला लाजायचं कारण नाही.

सूक्ष्म जीव दुखावू नये म्हणून आपण पाणी गाळतो. मग ज्याचा दोषच नाही त्या लेकराला शब्दांनी का दुखवायचं? वचनाची हिंसाही हिंसाच आहे. ओली चड्डी गुपचूप धुवा, त्याला जवळ घ्या आणि डॉक्टरांकडे न्या.

जय जिनेंद्र.